तबल्यावर कोण होतं?

संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ सालची ध्वनिमुद्रिका ज्यांच्या घरात वाजली आहे, त्यांना ही तीन नावं पाठ असतात. तबल्यावर कोण होतं, असं विचारलं की मात्र पुष्कळजण थांबतात. तबला माणिकराव पोपटकरांचा आहे. अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस उलगडत जातो आणि त्यातल्या लयीचा भार त्यांच्या हातांवर आहे. ही सीडी कॉम्प्युटरमध्ये घाला, इंटरनेटवरून आपोआप येणारी नावं मान्य करा आणि काही मिनिटांत सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. सूर येतील, ठेका येईल. पोपटकरांचं नाव बहुतेक वेळा येणार नाही.

मराठी घरांतले सीडीसंग्रह पाहत आणि ते उतरवायला मदत करत मी बराच हिंडलो आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. सीडीवरचा आवाज बिनचूक उतरवणं हे कोडं तंत्रज्ञांनी कधीच सोडवलं; त्यासाठी लागणारं सगळं आज फुकट मिळतं. नावं बिनचूक उतरवणं हे कोडं आपल्या संगीतापुरतं अजून तसंच पडून आहे. कोणता प्लेअर घ्यावा, या प्रश्नाचं उत्तरही मला तिथेच सापडतं.

आधी हे सगळं आत्ता का, ते सांगतो. दिवाळीपूर्वी घरं झाडायला काढली की कपाटाच्या वरच्या खणातून सीडींची खोकी निघतात. वाजवायला यंत्र उरलेलं नसतं. जुना सीडी प्लेअर कधीच बंद पडलेला असतो आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नसते. ॲपलने २००८ साली मॅकबुक एअरमधून ती काढली, मग हळूहळू सगळ्यांनीच काढली. ज्या दुकानांतून या सीडी आल्या त्यांतलीही बरीच मिटली. मुंबईतलं काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं. तेव्हा खोकं रद्दीच्या वाटेला लागतं. ‘सगळं ऑनलाइन मिळतं की आता,’ असं घरातलं तरुण माणूस म्हणतं.

सगळं मिळत नाही. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या प्रकाशकांनी काढलेल्या मुद्रिका आठवा. लंडनच्या नवरस रेकॉर्ड्सने किंवा न्यूयॉर्कच्या इंडिया आर्काइव्ह म्युझिकने काढलेल्या, परदेशातून कुणीतरी बॅगेत घालून आणलेल्या हिंदुस्थानी संगीताच्या सीडी आठवा. यांतलं काय ऑनलाइन सापडेल आणि सापडलेलं उद्या तिथे राहील का, हे आपल्या हातात नसतं. हक्कांचा करार संपला की गाणं यादीतून उतरतं, आणि महिन्याचे पैसे भरणाऱ्या श्रोत्याला कुणी विचारत नाही. सापडलं तरी बड्या ख्यालाची एक फाइल, छोट्या ख्यालाची दुसरी, आणि दोन्हींखाली फक्त गायकाचं नाव, अशी अवस्था असते.

म्हणून खोकं रद्दीत घालू नका. यूएसबीवर चालणारा सुटा सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अजून मिळतो. तो मिळतो आहे तोवर घेऊन ठेवा.

आता तबकडीकडे वळू. व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० साली तिचं मानक ठरवलं आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानच्या बाजारात आला. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. ४४,१०० हा अडनिडा आकडा व्हिडिओ टेपमधून आला. त्या काळी डिजिटल ध्वनी साठवायला व्हिडिओ रेकॉर्डरच वापरत. एका ओळीत ३ नमुने, एका क्षेत्रात २४५ उपयोगी ओळी, सेकंदाला ६० क्षेत्रं. गुणाकार केला की हाच आकडा येतो. ही सगळी माहिती आतून बाहेर वळत जाणाऱ्या एकाच सर्पिल रेघेवर असते. शेजारशेजारच्या वळणांत अंतर १.६ मायक्रोमीटर आणि पूर्ण भरलेल्या तबकडीवरच्या रेघेची लांबी पाच किलोमीटरहून जास्त.

बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की या तबकडीवर फाइली नसतात. कॉम्प्युटर आपल्याला गाण्यांची यादी दाखवतो, ती त्याने आपल्या सोयीसाठी रचलेली असते. प्रत्यक्षात सुरुवातीला एक छोटी अनुक्रमणिका असते. कुठला ट्रॅक किती मिनिट-सेकंदाला सुरू होतो एवढंच तिच्यात लिहिलेलं. नावं साठवायची सोय १९९६ नंतर आली, पण आपल्याकडच्या प्रकाशकांनी ती फारशी वापरली नाही. गायक, राग, कवी यांतलं तबकडीवर काहीच नसतं. जे काही असतं ते सोबतच्या कागदावर. तो कागद हरवला की अर्धी मुद्रिका हरवली, असं मी मानतो.

दुसरी गोष्ट चुकांची. सीडीवर ओरखडे पडणार, बोटांचे ठसे उमटणार हे तिच्या निर्मात्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी माहिती सलग न ठेवता विखरून ठेवली आणि जोडीला जास्तीचे आकडे लिहिले. त्यांच्या आधारे दोन मिलिमीटरपर्यंतचं नुकसानही जसंच्या तसं भरून काढता येतं. त्याहून मोठी जखम असेल तर प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून मधला आवाज अंदाजाने भरतो. कॉम्प्युटरच्या डेटा सीडीला असा अंदाज परवडत नाही. तिथे एका खंडातल्या २,३५२ बाइटांपैकी २,०४८ बाइटच माहितीला दिलेले असतात आणि उरलेल्यांतले बहुतेक चुका शोधण्या-सुधारण्यासाठी राखलेले. संगीताच्या सीडीवर ते सगळे २,३५२ बाइट आवाजाचेच असतात आणि असा एक खंड म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. बैठकीत ऐकताना प्लेअरने असा एखादा खंड अंदाजाने भरला तर कुणाला कळतही नाही, आणि त्यात वाईटही काही नाही. पण कायमची प्रत करताना तोच अंदाज मूळ म्हणून नोंदला जातो आणि कॉम्प्युटर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

ही अडचण ओळखून जर्मनीतल्या आंद्रे वीटहोफ या तरुणाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्राम लिहिला. तो विंडोजवर चालतो आणि आजही फुकट आहे. त्याची रीत साधी आणि कडक आहे. प्रत्येक खंड निदान दोनदा वाचायचा. दोन्ही वाचनं जुळली तर पुढे जायचं. नाही जुळली तर १६-१६ वाचनांच्या फेऱ्या करायच्या आणि बहुमत मिळेपर्यंत थांबायचं. तरीही जमलं नाही तर कुठल्या मिनिटाला, कुठल्या सेकंदाला संशय आहे, ते अहवालात लिहून ठेवायचं. मॅकवर हेच काम ‘एक्सएलडी’ करतो, लिनक्सवर ‘व्हिपर’. ‘डीबीपॉवरॲम्प’ला पैसे पडतात, पण तो वापरायला सगळ्यांत सोपा.

एरंडवण्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या घरी हे काम चालू असताना मी शेजारी बसून पाहिलं आहे. ड्राइव्ह एका ओरखड्यावर अडला होता आणि पडद्यावरची पट्टी जागची हलत नव्हती.

“काका, ही किती वेळ चालणार?”

“चालू द्या हो. माणसाने गायला तास घेतला, आपण उतरवायला दोन घेऊ.”

त्यांनी घाई न करता सीडी बाहेर काढली, कोमट पाण्याखाली धरली, मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसली आणि परत घातली. गोल गोल पुसायचं नाही, कारण रेघेच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग माहिती खातो. आडवा ओरखडा प्रत्येक वळणावर थोडीथोडीच खातो आणि ती भरून निघते. सीडी उलटी ठेवण्याबद्दल मात्र बहुतेक घरांत गैरसमज आहे. चकाकणारी बाजू नाजूक समजून लोक छापील बाजू खाली करून ठेवतात. खरं तर चकाकत्या बाजूला जवळपास सगळी १.२ मिलिमीटरची पॉलिकार्बोनेटची जाडी आहे. ॲल्युमिनियमचा पातळ थर छापील बाजूला, लाखेच्या आणि शाईच्या पापुद्र्याखाली आहे. छापील बाजूवर बॉलपेनने नाव लिहिणं हा तबकडीचा घात.

त्या घरात तिसऱ्या वाचनाला अहवाल स्वच्छ आला.

अहवाल स्वच्छ आला तरी एक शंका उरते: ड्राइव्हने दोन्ही वेळा एकच चूक केली असेल तर? त्यावर ‘ॲक्युरेटरिप’ हा उपाय निघाला. जगभर ज्यांनी ज्यांनी तीच सीडी उतरवली, त्यांच्या प्रतींच्या गणिती खुणा एका ठिकाणी साठवलेल्या असतात. आपली खूण त्यांच्याशी जुळली की प्रत बरोबर. वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या ड्राइव्हवर, वेगवेगळ्या माणसांची चूक बिट न् बिट सारखी निघणं शक्य नाही. त्यासाठी एक गोष्ट आधी जुळवावी लागते. प्रत्येक ड्राइव्ह वाचनाला काही नमुने आधी किंवा नंतर सुरुवात करतो, कुणी ६, कुणी १०२, कुणी ६६७. हा फरक कानाला कळायचा नाही, पण तो सेटिंगमध्ये भरल्याशिवाय खुणा जुळत नाहीत.

मराठी सीडी इथे एकट्या पडतात. इंग्रजी रॉकची कुठलीही सीडी घाला, शेकडो जुळण्या मिळतात. एखाद्या छोट्या प्रकाशकाने काढलेल्या नाट्यगीतांच्या सीडीला ‘नोंद नाही’ असं उत्तर येतं. घाबरायचं कारण नाही. एकदा चाचणीचं वाचन, एकदा प्रतीचं वाचन असं करून दोन्ही खुणा जुळवायच्या. शक्य असेल तर दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हवर पुन्हा एकदा. दोन निराळ्या ड्राइव्हांनी एकच साक्ष दिली तर ती मी ग्राह्य मानतो.

खोक्यात आणखी दोन प्रकार हमखास सापडतात आणि त्यांना वेगळी वागणूक द्यावी लागते. पहिला एमपी३ सीडीचा. पन्नास भक्तिगीतं, शंभर भावगीतं असं वर छापलेलं असतं. त्या खऱ्या अर्थाने डेटा सीडीच. त्यांवरच्या फाइली सरळ कॉपी करायच्या. त्यांचं लॉसलेसमध्ये, म्हणजे काहीही न गाळणाऱ्या रूपात, रूपांतर करणं व्यर्थ आहे, कारण जे आधीच गाळलं गेलं ते परत येत नाही. दुसरा प्रकार घरी जाळलेल्या सीडींचा: मंडळाच्या बैठकीची, गुरुजींच्या शिकवणीची, आजीच्या पंच्याहत्तरीला झालेल्या गाण्याची. बाजारातल्या सीडीवर खड्डे ठशाने उमटवलेले असतात, यांवर सेंद्रिय रंगाचा थर लेझरने करपवलेला असतो. तो रंग उन्हाने, उष्णतेने, नुसत्या वयानेही विटतो. आणि जगात त्याची दुसरी प्रत नसते. सगळ्या कपाटातून आधी या काढा. बाकीच्या पुढच्या वर्षी केल्या तरी चालेल.

उतरवायचं कशात? माझं उत्तर फ्लॅक. जॉश कोल्सन या अमेरिकी प्रोग्रामरने ते रचलं, २००१ साली पहिली पूर्ण आवृत्ती आली. रचना खुली असल्यामुळे कुणाही कंपनीच्या मर्जीवर ते अवलंबून नाही, आणि २०२४ साली इंटरनेटच्या मानकांत त्याला अधिकृत जागा मिळाली. फ्लॅक काहीही गाळत नाही. पुढचा नमुना काय असेल याचं गणिती भाकीत करायचं आणि भाकीत व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा लिहून ठेवायचा, ही त्याची युक्ती. फरक लहान असला की जागा वाचते. ७४ मिनिटांची सीडी तशीच साठवली तर सुमारे ७८३ मेगाबाइट होते. फ्लॅकमध्ये ती साधारण निम्म्यावर येते, आणि परत उलगडली की प्रत्येक बिट जागच्या जागी.

या युक्तीचं आपल्या संगीताशी जमतं ते पाहण्यासारखं आहे. शांत, एकट्या रुद्रवीणेची आलापी फार कमी जागेत मावते, कारण सुराचं भाकीत करता येतं. वाद्यवृंदाने गच्च भरलेलं, आवाज चढवलेलं नवं फिल्मी गाणं मात्र जेमतेम आकसतं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून सीडीवर आलेल्या अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर, हिराबाई बडोदेकर यांच्या गाण्यांत खरखर असते आणि खरखरीचं भाकीत कुणालाच करता येत नाही. पण त्या एकवाहिनी असतात. डावी-उजवी वाहिनी तंतोतंत सारखी ठेवलेली असेल तर फ्लॅक ती एकदाच लिहितं. त्यामुळे अशा सीडीची फाइल लहान आली तर कुणी कृत्रिम स्टिरिओ न करता मूळ एकवाहिनी आवाज जपला आहे, हे फाइलीच्या आकारावरूनच ओळखता येतं.

फ्लॅकमध्ये ० ते ८ अशा पायऱ्या असतात. बरेचजण ८ म्हणजे सर्वोत्तम आवाज समजतात. आवाज सगळ्या पायऱ्यांवर एकच. फरक फक्त आकाराचा आणि लागणाऱ्या वेळाचा. ॲपलवाल्यांसाठी एएलएसी हे तसंच दुसरं रूप आहे. २००४ साली आलं, २०११ साली खुलं झालं. ॲपलचा स्वतःचा म्युझिक प्रोग्राम फ्लॅक वाजवत नाही, एएलएसी वाजवतो. एकातून दुसऱ्यात कितीही वेळा फिरवा, काही झिजत नाही. लॉसलेसचा खरा फायदा माझ्या मते इथे आहे. चांगल्या एमपी३मध्ये आणि फ्लॅकमध्ये कानाला फरक कळतो असं छातीठोक सांगणाऱ्या बहुतेकांना डोळ्यांआडच्या चाचणीत तो कळत नाही, मलाही कळेल असं मी म्हणत नाही. पण एमपी३वरून पुढच्या काळातल्या कुठल्या नव्या रूपात जायचं झालं तर गाळलेल्यातून पुन्हा गाळावं लागतं. फ्लॅक म्हणजे मूळ. त्यातून मोबाइलसाठी, गाडीसाठी लहान प्रती हव्या तितक्या काढाव्यात.

इथवर सगळं यंत्राचं काम. यापुढचं माणसाचं.

तबकडीवर नावं नसतात, मग कॉम्प्युटरला ती कुठून कळतात? ट्रॅक कुठे सुरू होतात त्या वेळांवरून सीडीची ओळख ठरवतात आणि त्या ओळखीवरून नावांच्या कोठारात शोधतात. सीडीडीबी हे पहिलं मोठं कोठार १९९० च्या दशकात जगभरच्या हौशी श्रोत्यांनी फुकट नावं टंकून भरलं. पुढे ते व्यापारी झालं, ग्रेसनोट या नावाने विकलं जाऊ लागलं, आणि भरणाऱ्यांना आपलंच काम परकं झालं. त्या संतापातून फ्रीडीबी उभं राहिलं. ते २०२० साली बंद झालं. रॉबर्ट के यांनी सुरू केलेलं म्युझिकब्रेन्झ मात्र ना-नफा संस्थेच्या छत्राखाली आहे आणि त्यात कुणालाही भर घालता येते.

या कोठारांतलं आपलं संगीत पाहिलं की जीव कळवळतो. भीमसेन जोशी एकदा नुसते, एकदा ‘पंडित’ लावून, एकदा ‘पं.’ लावून, रोमन लिपीतल्या दोन-तीन वर्णलेखनांत. प्लेअर बिचारा त्यांना चार-पाच निराळे गायक समजतो. राग गाण्याच्या नावात कोंबलेला, ताल कंसात, कधी उलट. तबला-पेटीची नावं नाहीतच. ध्वनिमुद्रण १९५०च्या दशकातलं, वर्ष मात्र सीडी निघाल्याचं. ‘इंद्रायणी काठी’ घ्या. गायक भीमसेन जोशी, कवी ग. दि. माडगूळकर, संगीत पु. ल. देशपांडे, चित्रपट ‘गुळाचा गणपती’, साल १९५३. अभंगांच्या कुठल्याशा संकलनाच्या सीडीवरून ते उतरवलं की माडगूळकर जातात, पु. ल. जातात, चित्रपट जातो, आणि हा अभंग संतरचित आहे असा समज करून घेत पुढची पिढी मोठी होते.

दोष कुणाच्या वाईट हेतूचा नाही. हे सगळे प्रोग्राम कलाकार, अल्बम, गाणं या तीन खणांवर बेतलेले आहेत आणि ते खण पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या मापाचे आहेत. आपल्याकडे राग हवा, ताल हवा, नाटकाचं नाव हवं, कवी आणि संगीतकार वेगळे हवेत, साथीदार हवेत, मैफल कुठे आणि कधी झाली ते हवं. आनंदाची गोष्ट अशी की फ्लॅकमध्ये हे सगळं मावतं. त्यातल्या टॅगना, म्हणजे माहितीच्या खणांना, रोमन अक्षरांत हवं ते नाव देता येतं: राग, ताल, नाटक, तबला, संवादिनी. एकच टॅग अनेकदा लिहिता येतो, म्हणजे जुगलबंदीत दोघांची नावं एकाच ओळीत गाठ मारून ठेवावी लागत नाहीत. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ तिघांच्याही नावाखाली सापडते, आणि चौथ्याच्याही. टॅगमधला मजकूर युनिकोडमध्ये असतो, तेव्हा देवनागरी लिहिली तर ती कुठल्याही यंत्रावर देवनागरीच दिसते. जुन्या एमपी३मध्ये चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसायची, तसं इथे होत नाही.

देवनागरीतच लिहावं, असा माझा आग्रह आहे. रोमनमध्ये ‘मारवा’ आणि ‘मारू’ या नावांची किती रूपं होतात ते पाहा. पण देवनागरीतही सावध राहावं लागतं. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं: स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना सारखं दिसतं, कॉम्प्युटरला निराळं. एका तऱ्हेने लिहिलेलं दुसऱ्या तऱ्हेने शोधलं की सापडत नाही. ‘ऱ्ह’, ‘ऱ्या’चंही तसंच. शिवाय साधे प्रोग्राम अक्षरांच्या अंतर्गत क्रमांकाने यादी लावतात, तिथे ‘ळ’ येतो ‘ल’च्या पाठोपाठ, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. म्हणून सुरुवातीलाच एक कागद घ्यावा आणि आपले नियम लिहून ठेवावेत: उपाधी नावात नाही, आडनाव शेवटी, रागाचं नाव या रूपात. एरंडवण्याच्या काकांनी असा कागद भिंतीला चिकटवला आहे. ‘मिया मल्हार’ की ‘मियाँ की मल्हार’, हा वाद त्यांच्या घरात एक आठवडा चालला आणि निकाल लागल्यावरच पावसाळी रागांच्या सीडी उतरवायला घेतल्या.

सीडीचा कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. आपण टॅगमध्ये काय भरलं नाही, ते पुढच्या माणसाला तिथे सापडेल.

आता प्लेअर. या विषयावर ध्वनिप्रेमी मंडळींत फार हिरिरीने बोललं जातं, अमक्या प्रोग्रामचा आवाज उबदार, तमक्याचा मोकळा. फ्लॅक उलगडून तेच बिट ध्वनियंत्राकडे पाठवणाऱ्या दोन प्रोग्रामांच्या आवाजात फरक नसतो. ‘फूबार २०००’चा कर्ता पीटर पावलोव्स्की स्वतःच सांगतो की त्याच्या प्लेअरचा आवाज इतरांहून चांगला नाही. आपला माल विकायला बसलेल्यांच्या जगात हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. विंडोजचा मिक्सर मध्ये पडून नमुन्यांचा वेग बदलतो, एवढी एकच गोष्ट तपासण्याजोगी. सेटिंगमध्ये ‘वसापी एक्सक्लुझिव्ह’ निवडलं की तो बाजूला होतो.

मी प्लेअर निवडतो तो तीन प्रश्न विचारून. पहिला, मी भरलेला ‘राग’ हा टॅग तो वाचतो का, त्याचा स्तंभ दाखवतो का, आणि मारव्यातलं घरात जे जे आहे ते एका ठिकाणी लावून देतो का? फूबार २००० यात सगळ्यांच्या पुढे आहे. २००२ साली आला तेव्हापासून त्याचा चेहरा रुक्ष आहे, पण कुठलाही टॅग कुठल्याही क्रमाने मांडता येतो. ज्यांना हाताशी सगळं सजवलेलं हवं त्यांना ‘म्युझिकबी’ आवडेल. तोही फुकट, तोही स्वतःचे टॅग मानतो, फक्त विंडोजवरच चालतो. लिनक्सवर ‘क्वोड लिबेट’ याच कामासाठी जन्मल्यासारखा आहे, ‘स्ट्रॉबेरी’ दिसायला सोपा. मॅकवर फूबार आहेच. ॲपलच्या प्रोग्राममध्ये मनाजोगा खण करता येत नाही. तिथे रागाला ‘गट’ या खणात बसवून वेळ मारून न्यावी लागते. महिन्याला पैसे घेणारा ‘रून’ दिसतो देखणा आणि कलाकारांची चरित्रंही दाखवतो, पण त्याची माहिती आपल्या संगीतात फार लवकर संपते.

दुसरा प्रश्न, दोन ट्रॅकमध्ये तो थांबतो का? विलंबित संपून द्रुत सुरू होते तिथे, नाट्यगीताला टाळ्या पडून पुढचं पद लागतं तिथे, सीडीवर ट्रॅक बदलतो पण आवाज तुटत नाही. प्लेअरने तिथे क्षणभराची शांतता घुसवली तर सम चुकल्यासारखी वाटते. फ्लॅक शेवटच्या नमुन्यापर्यंत नेमकं असतं, त्यामुळे चांगल्या प्लेअरला हे सहज जमतं. ‘व्हीएलसी’ वाटेल ती फाइल उघडतो, तरी संग्रह सांभाळणं आणि जोड न दिसू देता वाजवणं हा त्याचा पिंड नाही.

तिसरा प्रश्न आवाजाच्या पातळीचा. १९३०च्या दशकातलं गाणं हळू, परवाचं मोठं, म्हणून दरवेळी हात आवाजाच्या बटणाकडे. ‘रिप्लेगेन’ने हे सुटतं, ते मूळ आवाजाला हात न लावता टॅगमध्ये पातळी लिहून ठेवतं. पण ती ट्रॅकनिहाय न ठेवता अल्बमनिहाय ठेवा. नाहीतर गवयाने हलक्या आवाजात मांडलेली आलापी आणि त्यानंतरची तान एकाच उंचीची होते, आणि त्याने जाणून केलेलं सगळं सपाट होतं.

पाचशे सीडींचा संग्रह फ्लॅकमध्ये २०० गिगाबाइटांच्या आत बसतो. दोन हार्ड डिस्क घ्या आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, जमलं तर दुसऱ्या गावी ठेवा. फ्लॅकच्या पोटात उलगडलेल्या आवाजाची खूण असते. वर्षाकाठी एकदा सगळ्या फाइली तपासणीला लावल्या की कुठली बिघडली ते कळतं आणि ती दुसऱ्या डिस्कवरून परत आणता येते.

कायद्याचं बोलायला हवं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम खाजगी वापरासाठीच्या रास्त वापराला मोकळीक देतं. स्वतःची सीडी, स्वतःच्या ऐकण्यासाठी, एवढ्या मर्यादेत राहावं. संग्रह गावभर वाटणं यात बसत नाही, आणि फाइली ठेवून सीडी विकणंही मला योग्य वाटत नाही. काकांची मुलगी एडिनबरोत असते. ब्रिटनमध्ये अशी मोकळीक २०१४ साली दिली गेली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्द केली, तेव्हा ती इथे आली की इथेच ऐकते.

फाइली वाटता येत नसल्या तरी नावं वाटता येतात, आणि ती वाटावीत. म्युझिकब्रेन्झवर खातं काढायला काही लागत नाही. त्यांचा ‘पिकार्ड’ हा प्रोग्राम सीडी वाचून तिची ओळख काढतो. ती कोठारात नसेल तर मुद्रिका नव्याने नोंदवता येते. प्रकाशक, क्रमांक, साल, प्रत्येक ट्रॅकचा गायक, कवी, संगीतकार, आणि प्रत्येक साथीदार त्याच्या वाद्यासकट. रागाला आणि तालालाही तिथे जागा आहे. वेष्टणाचं चित्र सोबत चढवता येतं. एका सीडीला अर्धा तास लागतो. एरंडवण्यात आता रोज संध्याकाळी एक सीडी होते. छोट्या प्रकाशकांच्या आधी, कारण मोठ्यांच्या कुणीतरी भरेल असा काकांचा हिशेब आहे. ज्या मुद्रिकेच्या कागदावर तबलजीचं नावच छापलेलं नाही, तिच्यासाठी ते जुन्या श्रोत्यांना फोन करतात, दोघांकडून एकच उत्तर आलं तरच भरतात, आणि नाही आलं तर तो खण रिकामा ठेवतात.